‘आपण’ आणि ‘आम्ही’ कळणाऱ्यांनी तरी फिलिपिनोंना नक्कलखोर म्हणू नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला फिलिपिन्सवरचा पानभर लेख वाचला आणि दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका एवढी विनंती. मनिलाचं वर्णन छान केलंय, जीपनीचे, म्हणजे तिथल्या रंगीबेरंगी प्रवासी गाड्यांचे, फोटो छान आहेत, पण सगळ्या लेखाचा सूर असा की या लोकांना स्वतःचं असं काही नाहीच, धर्म स्पेनचा, भाषा अमेरिकेची, आडनावं उसनी, गाणी उसनी, आणि स्वभाव म्हणाल तर हसतमुख, सांगितलेलं ऐकणारा, बाकी सगळं नशिबावर सोडून देणारा, म्हणून जगभर नोकऱ्यांना चालतात. ‘तीनशे वर्षं मठात आणि पन्नास वर्षं हॉलिवूडमध्ये’ (म्हणजे आधी स्पेनचं राज्य, मग अमेरिकेचं) हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्यही त्यात आहेच. मला राग आला, खरंच राग आला. मी मर्चंट नेव्हीत चोवीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली, त्यातली बहुतेक फिलिपिनो क्रूबरोबर, आणि घरी परतल्यावर गेली काही वर्षं त्यांच्याच विद्यापीठांतल्या लोकांनी स्वतःबद्दल काय लिहून ठेवलंय ते मिळेल तसं वाचतोय. शिपवर जे नुसतं डोळ्यांनी बघितलं होतं त्याचा अर्थ मला या वाचनातून लागला, आणि तुमच्या लेखात त्यातलं एक अक्षर नाही.

आधी मेसमधली गोष्ट सांगतो. माझ्या दुसऱ्याच कॉन्ट्रॅक्टवर आमचा फिटर विसाया बेटांतल्या इलोइलोचा होता, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा. संध्याकाळी मी मेसवरून जात असलो आणि तो ताट घेऊन बसलेला असला की हमखास हाक यायची, ‘सर, काइन तायो!’ पहिल्यांदा मला वाटलं खरंच बोलावतोय, बसलो शेजारी, त्याने न बोलता ताटातला अर्धा मासा माझ्याकडे सरकवला. नंतर लक्षात आलं की हे तो प्रत्येकालाच म्हणतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला, कॅप्टनला, पोर्टमध्ये चढलेल्या अनोळखी एजंटलासुद्धा. म्हणजे आपल्याकडे ओटीवर जेवायला बसलेला माणूस रस्त्यावरच्याला ‘या जेवायला’ म्हणतो ना, अगदी तेच, आणि उत्तरही तेच, ‘चालू द्या, आत्ताच झालं’. पण त्यातला ‘तायो’ हा शब्द मला खूप उशिरा कळला. तायो म्हणजे ‘आपण’. आणि त्यांच्याकडे ‘आम्ही’साठी वेगळा शब्द आहे, ‘कामी’. इंग्रजीत दोन्हीला एकच वुई, हिंदीत दोन्हीला एकच हम, पण मराठीत आणि तगालोगमध्ये, म्हणजे मनिलाकडच्या भाषेत, समोरच्याला धरून बोलायचं की वगळून हे बोलणाऱ्याला दर वाक्यात ठरवावंच लागतं. त्यांच्या बहुतेक सगळ्या भाषांत हे आहे, आणि तिथे दीडशेच्या वर भाषा आहेत.

एकदा रात्री जनरेटरचं काम निघालं, सिलिंडर हेड उचलायचं होतं, मी पण हात लावायला गेलो तर फिटर अगदी अदबीने म्हणाला, ‘कामी ना लांग, सर’. आम्हीच करतो, तुम्ही राहू द्या. शब्द मऊ पण त्यात मी नव्हतो, मी ऑफिसर होतो, परका होतो, आणि तो ते न दुखवता सांगत होता. चार-साडेचार महिने गेले, त्याच्याबरोबर किती रात्री काढल्या, त्याच्या मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म मी भरून दिला, आणि मग एका पहाटे पोर्टला लागल्यावर गँगवेपाशी उभा राहून तो मला म्हणाला, ‘तायो ना, सर’. चला, निघूया आपण. मला तेव्हा तगालोग एवढं येत नव्हतं तरी तो बदल कानाला कळला, मराठी कानाला तर कळणारच.

आता यात विद्वानांचा संबंध काय, तर फिलिपिन्स विद्यापीठातले इतिहासकार झेउस सालाझार यांनी याच दोन सर्वनामांवर इतिहास लिहायची एक अख्खी पद्धत उभी केली, ‘पांतायोंग पानानाव’, म्हणजे ‘आपण’च्या नजरेतून बघणं. त्यांचं म्हणणं असं की स्पॅनिश काळातल्या शिकलेल्या फिलिपिनोंनी, अगदी होसे रिझालसारख्या थोर माणसानेसुद्धा, जे लिहिलं ते ‘कामी’च्या सुरात लिहिलं, म्हणजे तोंड परक्याकडे, बघा आम्हीही सुसंस्कृत आहोत, आम्हालाही इतिहास आहे. ते गरजेचं होतं, पण आता आपण आपापसात आपल्या भाषेत बोलू, परक्याला पटवायची चिंता सोडू. मला हे वाचताना अंगावर काटा आला, कारण आपल्याकडेही किती लिखाण परक्याला पटवण्यासाठीच चाललेलं असतं. तुमच्या लेखकाला ‘संस्कृती नाही’ असं वाटलं कारण तो दुकानांच्या पाट्या आणि चर्चच्या कमानी बघून आला. व्याकरणाचा फोटो निघत नाही.

स्वभावाच्या मुद्द्यावर तर लेख साठ वर्षं मागे आहे. १९६०च्या सुमारास मनिलाच्या अतेनेओ विद्यापीठात फ्रँक लिंच नावाचे अमेरिकन जेझुइट पाद्री आणि मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी मांडलं की फिलिपिनो माणसाला सगळ्यात महत्त्वाचं काय तर समोरच्याशी संबंध गुळगुळीत ठेवणं, भांडण टाळणं, सगळ्यांबरोबर जुळवून घेणं, ज्याला ते ‘पाकिकिसामा’ म्हणतात. लिंच काही वाईट हेतूने लिहीत नव्हते, मेहनती माणूस, पण ते चित्र इतकं पसरलं की फिलिपिनो म्हणजे जुळवून घेणारा असा शिक्काच बसला, आणि आजही मॅनिंग एजन्सीवाले तोच शिक्का मारून माणसं पाठवतात. यावर उत्तर दिलं विर्हिलिओ एन्रिकेझ यांनी. अमेरिकेत डॉक्टरेट करून १९७१ साली परत आले आणि पाश्चात्त्य मानसशास्त्र तसंच्या तसं शिकवायला त्यांनी नकार दिला, म्हणाले आपल्या शब्दांतून आपलं मन समजून घेऊ. १९७५ मध्ये पहिली परिषद भरली, आणि तिथून ‘सिकोलोहियांग पिलिपिनो’ ही चळवळ उभी राहिली.

एन्रिकेझ यांचा मुख्य शब्द ‘काप्वा’. डिक्शनरीत अर्थ ‘इतर’ असा देतात पण इतर म्हणताना आपण स्वतःला बाजूला काढतो, काप्वामध्ये काढलेलं नसतं. दुसऱ्यात असलेला मी आणि माझ्यात असलेला दुसरा, असं काहीतरी. आणि मग त्यांनी दाखवून दिलं की त्यांच्या भाषेत माणसाशी वागण्याच्या एकापुढे एक पायऱ्या आहेत, प्रत्येकीला वेगळा शब्द, अगदी वरवरच्या शिष्टाचारापासून, म्हणजे ‘पाकिकितुंगो’पासून, ते पूर्ण एकरूप होण्यापर्यंत, ‘पाकिकिइसा’पर्यंत. पहिल्या पायऱ्या परक्या माणसासाठी, पुढच्या आपल्या माणसासाठी. पाकिकिसामा ही त्यातली मधली कुठलीशी एक पायरी! लिंच यांनी ती एक पायरी धरली आणि तीच अख्खा जिना समजले, आणि का समजले, तर परका माणूस तिथपर्यंतच पोचतो म्हणून. शिवाय एन्रिकेझ म्हणतात की याच लोकांकडे ‘पाकिकिबाका’ हाही शब्द आहे, म्हणजे झुंजणं, आणि तोही तितकाच मूल्य म्हणून मानलेला. आज्ञाधारक म्हणे! १८९६ मध्ये स्पेनविरुद्ध उठले, मग १८९९ पासून अमेरिकेशी लढले, १९८६ मध्ये लाखो माणसं मनिलाच्या एद्सा रस्त्यावर उभी राहिली आणि हुकूमशहा मार्कोसला देश सोडून पळावं लागलं. हे आज्ञाधारक लोकांचं काम आहे का?

‘बाहाला ना’बद्दल सविस्तर लिहितो, कारण लेखात चौकट करून ‘फिलिपिनोंचं राष्ट्रीय ब्रीद’ असं छापलंय आणि अर्थ दिलाय ‘देवावर हवाला’. मूळ शब्द ‘बाथाला ना’ असावा असं बरेच जण मानतात, बाथाला म्हणजे जुना तगालोग देव, त्यामुळे शब्दशः अर्थ तसा निघेलही. मीसुद्धा तसंच समजायचो. उत्तर पॅसिफिकमध्ये एका हिवाळ्यात शिप बेक्कार रोल होत होतं आणि एका जनरेटरच्या हाय प्रेशर फ्युएल पाइपला लीक लागला, खाली गरम एक्झॉस्ट, तेल त्यावर उडालं तर आगच. फिटर पाइपकडे बघून म्हणाला ‘बाहाला ना’, आणि माझं डोकं सणकलं, म्हटलं हा आता देवावर सोडून मोकळा. पण तो वाक्य बोलण्याआधी काय काय करून बसला होता ते मी बघितलंच नव्हतं. दुसरा जनरेटर लोडवर घेऊन झाला होता, हा बंद करून व्हॉल्व्ह आयसोलेट केले होते, दोनदा हात लावून तपासले होते, पाने लागणाऱ्या क्रमाने चिंध्यांवर मांडले होते म्हणजे रोलिंगमध्ये घसरू नयेत, फोमचा एक्स्टिंग्विशर बाजूला, ऑइलर टॉर्च धरून उभा. हाताबाहेरचं जे होतं ते फक्त समुद्र. तेवढ्यासाठी तो शब्द होता, आणि तो म्हणून त्याने हात घातला.

पुढे वाचलं तर आल्फ्रेदो लागमाय या तिथल्याच मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये नेमकं हेच मांडलेलं. त्यांनी म्हटलं की बाहाला ना म्हणजे हात टेकणं नव्हे, पुढे काय होईल याची खात्री नसताना, साधनं अपुरी असताना, तरीही उतरायचं ठरवणारा माणूस स्वतःला धीर देतो तो हा शब्द. नशिबवादी असा अर्थ परक्या अभ्यासकांनी काढला कारण त्यांनी वाक्य ऐकलं, प्रसंग बघितला नाही. मी तर प्रसंगात उभा होतो आणि तरी बघितला नव्हता, म्हणून लागमाय यांचं म्हणणं मला इतकं लागलं.

तसंच ‘हिया’चं. लेखात एका वाक्यात ‘लाजाळू’ म्हणून संपवलंय. त्यांच्याकडे त्या एका शब्दाला पुढे-मागे प्रत्यय लागून अर्थ पार बदलतो, संकोचणं वेगळं आणि चारचौघात पाणउतारा होणं वेगळं. आपण नाही का म्हणत, लाजणं, लाज वाटणं, लाज काढणं, आणि कोणी तिन्हीला एकच म्हणाला तर चालेल का आपल्याला? फिलिपिनो ऑइलरला सगळ्यांसमोर झापलं की तो हसतो, आणि नवीन ऑफिसर आणखी भडकतो की हा हसतोय. ते हसू मस्करीचं नसतं, ते ‘नापाहिया’ झाल्याचं, लाज काढल्याचं हसू असतं. हे माहीत नसल्यामुळे शिपवर किती भांडणं झालेली मी बघितली आहेत.

आता ‘उतांग ना लोओब’. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतलं, अंतःकरण म्हणा. आतलं ऋण. लोओब शब्दाभोवती त्यांची अख्खी माणूस-कल्पना आहे, धैर्याला आतली ताकद म्हणतात, मनातल्या रागाला आतला बिघाड, मोठ्या मनाला आतलं सौंदर्य. तगालोग लोओब म्हणतात, विसाया बेटांवर ‘बुओत’, इलोकानो लोक ‘नाकेम’, आणि लिओनार्दो मेर्कादो यांनी १९७४ मध्ये हे तिन्ही शब्द शेजारी ठेवून फिलिपिनो तत्त्वज्ञानाची मांडणी केली, पुस्तकी पंडितांच्या भाषेतून न करता लोकांच्या बोलीतून केली. आमच्या फिटरच्या केबिनमध्ये बंकच्या खाली एक मोठं खोकं असायचं, घरच्यांसाठी भरायचा बालिकबायान बॉक्स, प्रत्येक पोर्टला त्यात काहीतरी पडायचं, साबण, टॉवेल, कॅन्डमधलं मांस, चॉकलेट, आणि प्रत्येक वस्तूवर मास्किंग टेपचा तुकडा लावून नाव लिहिलेलं. सगळ्यात तळाशी, सगळ्यात नीट गुंडाळलेलं, ते त्याच्या मावशीचं. तिने मासे विकून त्याची मरीन कॉलेजची फी भरली होती. मी एकदा बोलून गेलो की आता फेडून झालं असेल की, एवढी वर्षं पाठवतोयस. त्याने टेप दाताने तोडता तोडता माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. आपल्याकडे उतराई होणं म्हणतात आणि ‘तुमच्या ऋणातच राहू द्या’ असंही म्हणतात, तसं आहे ते. १९६१ मध्ये चार्ल्स काउट या अमेरिकन अभ्यासकाने उतांग ना लोओबला कराराची व्यवस्था म्हटलं होतं, देणं-घेणं, हिशोब. एन्रिकेझ म्हणाले हिशोब नाही, जाण आहे. मला फिटरची नजर आठवते आणि एन्रिकेझ पटतात.

आणि इथेच एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण तिचा आपल्याशी खरा संबंध आहे. १९८९ मध्ये मनिलाजवळच्या लागुना प्रांतात नदीतली वाळू काढताना एका माणसाला तांब्याचा पत्रा सापडला, जुन्या जावाच्या कावी लिपीत कोरलेला, आंतोन पोस्तमा नावाच्या डच अभ्यासकाने तो वाचला. फिलिपिन्समध्ये सापडलेला तारीख असलेला हा सगळ्यात जुना लेख, आणि तारीख कशी लिहिली आहे? शक वर्ष ८२२, वैशाख महिना, कृष्णपक्ष चतुर्थी, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात जो शक आजही छापतात तोच शक, आपल्याला वाचून सांगायला कोणी लागत नाही! आणि मजकूर काय, तर नामवारान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज, एक काटी आणि आठ सुवर्ण (ही तेव्हाची वजनं), माफ झालं, त्याची मुलंबाळं त्यातून मोकळी. त्यांच्या इतिहासाचा पहिला कागद म्हणजे कर्जमुक्तीचा कागद, आणि हजार-अकराशे वर्षांनी आमचा फिटर मावशीच्या कर्जातून मोकळा व्हायला तयार नाही. आणि मोकळं होणं हे बापापासून मुलीपर्यंत जातं हेही त्या पत्र्यात आहे, बाकी त्याची शेवटची ओळ अर्धवटच तुटते.

पण म्हणून लगेच व्हॉट्सॲपवर ‘फिलिपिन्स आपलंच होतं’ असं फिरवू नका, ही माझी वाचकांनाही हात जोडून विनंती. तगालोगमध्ये गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा, दिवाता म्हणजे देवता, बुधी म्हणजे सदसद्विवेक, हे सगळं संस्कृतातून आलंय पण आलंय मलय आणि जावाच्या व्यापाऱ्यांमार्फत, आणि त्यांनी ते आपल्या मापाने बेतून घेतलं. त्यांची जुनी बायबायिन लिपी तर आपल्या देवनागरीसारखीच ब्राह्मीच्या वंशातली, प्रत्येक अक्षरात ‘अ’ धरलेला, वर टिंब दिलं की इ-ए, खाली दिलं की उ-ओ. बघायला हौस वाटते, पण मालकी सांगायची नाही, उसनं घेतलं म्हणून माणूस उसना होत नाही. तोच न्याय मग स्पेनच्या बाबतीत लावा.

धर्माचं बघा. होली वीकमध्ये तिथे ‘पाबासा’ असतो, ख्रिस्ताच्या यातनांची पद्यकथा, जिला पास्योन म्हणतात, गावकरी आळीपाळीने दिवसरात्र गातात, आपल्याकडे सप्ताहात पारायण चालतं तसं, मागे चहापाणी चालू, म्हाताऱ्या बायका पुस्तकाशिवाय म्हणतात. लेखकाने याला ‘स्पॅनिश कॅथलिक परंपरा’ म्हणून एका ओळीत उडवलंय. इतिहासकार रेनाल्दो इलेतो यांनी १९७९ मध्ये जे दाखवलं ते वाचून माझा तर श्वास अडकला होता. मिशनऱ्यांनी लोकांना सोशिक बनवायला जी कथा दिली, तीच कथा गरीब शेतकऱ्यांनी बंडाची भाषा केली. त्या पास्योनमध्ये ख्रिस्त कोण, तर गरिबाघरचा मुलगा, आईचा निरोप घेऊन निघतो, शिकल्यासवरल्यांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे ताठ उभा राहतो, कारण त्याचा लोओब स्वच्छ आहे. मग तायाबास प्रांताचा आपोलिनारिओ दे ला क्रूझ, ज्याला एर्मानो पुले म्हणतात, त्याला देशी माणूस म्हणून पाद्र्यांच्या संघात घेतलं नाही, त्याने आपला वेगळा भक्तिसंघ काढला, १८४१ मध्ये सरकारने तो बंड समजून चिरडला, पुलेला मारलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याचे लोक पास्योनच्याच भाषेत बोलत होते. पुढे कातिपुनानने, म्हणजे १८९६ मध्ये स्पेनविरुद्ध उठलेल्या गुप्त संघटनेने, स्वातंत्र्याला ‘कालायाआन’ शब्द वापरला आणि इलेतो म्हणतात की त्या शब्दाच्या पोटात ‘लायाव’ आहे, आईने केलेले लाड. स्वातंत्र्य म्हणजे परत आईजवळ जाणं. हा युरोपातून आलेला विचार आहे का? नक्कल करणाऱ्याला असा शब्द सुचत नाही.

आडनावांचं थोडक्यात. सांतोस, रेयेस, क्रूझ, गार्सिया बघून लेखकाला ते ‘अर्धे स्पॅनिश’ वाटले. तिथे स्पॅनिश माणूस फार थोडा वसला. १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढला, कर गोळा करायला आणि माणसं मोजायला सोपं जावं म्हणून, आणि आडनावांची एक यादी गावोगाव वाटली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात म्हणून आजही ‘आर’वरून सुरू होणारी आडनावं भरून आहेत. आपल्याकडे गोव्यात फर्नांडिस, डिसोझा झाले ते बाप्तिस्म्याबरोबर, इथे धर्मांतरानंतर दोन-अडीचशे वर्षांनी सरकारी यादीतून. आडनावावरून रक्त काढायचं तर दोन्हीकडे चूकच होईल. आणि आळशीपणाचा जो पॅरेग्राफ आहे त्याला उत्तर खुद्द रिझालने १८९० मध्येच एका वर्तमानपत्रात हप्त्याहप्त्याने दिलंय, स्पॅनिश यायच्या आधी हे लोक व्यापार करत होते, शेती करत होते, सक्तीची वेठबिगार आणि मक्तेदारी आली आणि कष्टाचं फळ दुसऱ्याच्या घरात जायला लागलं तेव्हा हात गळाले. सव्वाशे वर्षांहून जुनं उत्तर आहे, तुमच्या उपसंपादकांना सहज सापडलं असतं.

मी हे एकतर्फी लिहितोय असं वाटू नये. त्यांच्याच लोकांनी यातल्या प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारलेत आणि ते प्रश्न मला बरोबर वाटतात. काप्वा, लोओब, तायो हे सगळं तगालोगच्या आधाराने उभं केलं तर सेबूच्या माणसाचं काय, कोर्दिलेराच्या डोंगरातल्या लोकांचं काय, मिंदानाओ आणि सुलूच्या मुसलमानांचं काय, ज्यांच्यावर स्पेनला धड राज्य करताच आलं नाही? त्यांना ‘आपण’मध्ये धरताय की गृहीत धरताय? आमचा फिटरच चिडायचा, म्हणायचा मनिलावाल्यांना वाटतं तेच फिलिपिन्स. आणि उतांग ना लोओबचा निवडणुकीत काय बाजार होतो, आजारपणात मदत केली, नोकरी लावली, मग पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्याला मत, हे तर आपल्याला सांगायलाच नको.

जुन्या काळाची भूक माणसाला कुठे नेते याचंही एक उदाहरण तिथलंच आहे. कालांतियाव नावाच्या राजाची १४३३ सालची म्हणून एक कायदेसंहिता शाळांत शिकवत होते, त्या नावाने सरकारी सन्मान देत होते, आणि विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं की ती विसाव्या शतकातली बनावट आहे. स्कॉट जन्माने अमेरिकन पण आयुष्य तिथेच गेलं, आणि त्यांचं म्हणणं तिथल्या इतिहासकारांनी मानलं. इफुगाओच्या भातखाचरांचंही तसंच, दोन हजार वर्षं जुनी म्हणून सगळीकडे छापतात, तुम्हीही छापलंय. पुरातत्त्वज्ञ स्टीफन आकाबादो यांच्या उत्खननाने दाखवलं की डोंगरातली पाण्याची भातशेती बरीचशी स्पॅनिश आल्यानंतरची, लोक त्यांच्यापासून दूर वर सरकले आणि तिथे एवढं मोठं काम उभं केलं. मला विचाराल तर ही गोष्ट दोन हजार वर्षांपेक्षा मोठी आहे.

आणि तो ‘हसतमुखपणा’. ८ नोव्हेंबर २०१३ ला ताक्लोबानवर वादळ आलं, सहा हजारांवर माणसं गेली. आमचा मेसमन ताक्लोबान ज्या बेटावर आहे त्या लेयतेचा होता. चार दिवस त्याला घरचा पत्ता लागत नव्हता, सॅटेलाइट फोनची रांग सोडून सगळ्यांनी त्याला पुढे केलं, आणि तो फोन लागला नाही की परत येऊन आमच्यासाठी अंडी तळायचा, गुड मॉर्निंग सर म्हणायचा, हसायचा. त्या वेळी जगभरच्या टीव्हीवर ‘फिलिपिनो लोक किती चिवट, संकटातही हसतात’ असं चाललं होतं, आणि त्यांच्याच लेखकांनी, पत्रकारांनी विचारलं की आमच्या हसण्याचं कौतुक करून तुम्ही सरकारला जाब विचारणं का सोडता? पाचव्या दिवशी त्याला बायकोचा आवाज ऐकू आला. तेव्हा तो हसला नाही, गॅलीच्या दारात खाली बसला.

शेवटी एक दुरुस्ती तरी जरूर छापा. पान ३ वर नात आजीसमोर वाकली आहे त्या फोटोखाली ‘युरोपियन पद्धतीने हाताचं चुंबन’ असं लिहिलंय. ते चुंबन नाही. धाकट्याने मोठ्याचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, ‘मानो पो’ म्हणायचं, आणि मोठ्याने आशीर्वाद द्यायचा. ‘मानो’ हा शब्द स्पॅनिश, हात या अर्थाचा, पण कृती तशीच इंडोनेशिया-मलेशियातही आहे, आणि ‘पो’ हे त्यांचं आदराचं, आपल्या ‘अहो’-‘जी’ सारखं. फोटो नीट मोठा करून बघा, मुलीचे ओठ मिटलेले आहेत आणि आजीच्या हाताची मागची बाजू तिच्या कपाळाला टेकलेली आहे.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनियर,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी